दोन फुटी फिशटँक आणि थव्याने राहणारे लहान मासे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या आपल्या घरी लेकीच्या वाढदिवसानिमित्त एका रविवारी 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 15 इंच उंच असा फिशटँक आला आणि त्याच संध्याकाळी त्यात 4 निऑन टेट्रा, 3 झेब्रा, 2 टायगर बार्ब आणि 2 लहान एंजल सोडले गेले. दहा दिवसांत 2 निऑन गेले, उरलेले 2 फिल्टरच्या मागे दडून बसतात, पाणी दुधाळ दिसते आणि दुकानातून आणलेले निळे औषध घालूनही फरक पडलेला नाही. शांत स्वभावाचे, थव्याने राहणारे लहान मासे मुंबईच्या घरात नीट जगवायचे तर काय करावे, असे आपण विचारले आहे. शिवाय लेकीचाही एक प्रश्न आहे, की पहाटे दिवा लावल्यावर निऑनची निळी पट्टी दिसत का नाही. मी गेली 28 वर्षे याच शहरात हेच मासे पाळत आले आहे, आणि आपण केलेल्या बहुतेक चुका मीही केल्या आहेत. म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम ते निळे औषध घालणे थांबवावे. आपले मासे रोगाने गेले असावेत असे वर्णनावरून वाटत नाही, आणि मेथिलीन ब्लूसारखी औषधे फिशटँकमध्ये नुकत्याच रुजू लागलेल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात; उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जुन्या, स्थिरावलेल्या फिशटँकमध्ये जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक असतात, तर नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सोसले जाते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर वस्ती करतात; ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आपल्याकडे पहिल्याच संध्याकाळी 11 मासे आले आणि तेव्हा ही वस्ती जवळजवळ शून्य होती. पाणी दुधाळ दिसते ते बहुधा पाण्यात तरंगणाऱ्या निराळ्या जिवाणूंच्या एकाएकी झालेल्या वाढीमुळे. ते स्वतःहून निवळते, त्यासाठी वेगळे काही घालू नये.

यापुढे तीन आठवडे रोज एक चतुर्थांश पाणी बदलावे, एक दिवसाआड आणि अगदी चिमूटभर खाणे द्यावे, आणि अमोनिया व नायट्राइट मोजण्याचे टेस्ट किट विकत घ्यावे. ते माशांपेक्षा महाग पडते हे खरे, परंतु त्याशिवाय आपण अंदाजाने चालत राहाल. ओळखीत कोणाकडे वर्षभर निरोगी चाललेला फिशटँक असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला जुना स्पंज मागून घ्यावा आणि ओलाच घरी आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही बाटलीपेक्षा माझा या स्पंजावर अधिक विश्वास आहे. आपला स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. फिशटँकमधून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोन-तीनदा पिळून परत लावावा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन ती सगळी वस्ती धुऊन नेते.

हे झाले पहिले कारण. दुसरे कारण माशांच्या संख्येत आहे, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे, कारण पाणी महिन्याभरात सुधारेल, पण निवड चुकली असेल तर मासे पुढेही दडूनच राहतील.

निऑन, झेब्रा, रासबोरा हे मासे एकट्याने जगण्यासाठी घडलेलेच नाहीत. दोन-चार सेंटिमीटरच्या माशाला शत्रूपासून संरक्षण असे एकच असते, ते म्हणजे आपल्यासारख्या अनेकांत असणे. थव्यात राहिल्याने प्रत्येकाच्या वाट्याचा धोका कमी होतो, शिकाऱ्याला एकावर नजर स्थिरावता येत नाही, आणि अनेक डोळे एकाच वेळी पहाऱ्यावर राहतात. आजूबाजूच्या सोबत्यांची हालचाल ते डोळ्यांनी टिपतात आणि शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने पाण्यातील बारीक कंपने ओळखतात. असा मासा दोघांत किंवा तिघांत ठेवला, तर त्याच्या दृष्टीने धोका कायम समोर उभा असतो. तो खाण्यासाठी बाहेर येत नाही, रंग फिका पडतो, प्रतिकारशक्ती घटते आणि एरवी सहज सोसले असते अशा पाण्यातल्या बिघाडानेही तो दगावतो. आपले निऑन फिल्टरमागे दडतात ते भित्रे म्हणून नव्हे, तर त्यांना दुसरा आडोसा उरलेला नाही म्हणून.

झेब्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. या माशांमध्ये आपापसांत वर्चस्वाची पाठलागबाजी असते. ते 10-12 असले तर ती सगळ्यांत वाटली जाते आणि कोणालाच इजा होत नाही, पण ते तिघेच असले तर एक दांडगा मासा उरलेल्या दोघांना दिवसभर पळवत राहतो. टायगर बार्बचेही तसेच. मोठ्या थव्यात तो आपल्यातच गुंतलेला असतो, मात्र दोनच असले की लांब परांच्या माशांचे, म्हणजे आपल्या एंजलचे, पर कुरतडू लागतो. एंजल स्वतः पूर्ण वाढल्यावर साधारण 15 सेंटिमीटरचा होतो आणि तोंडात मावणारा निऑन तो खातो. हा त्याचा दोष नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत तो हेच करतो. तेव्हा आपल्या फिशटँकमध्ये आज 4 जातींचे 9 मासे आहेत आणि एकाही जातीचा थवा नाही.

पुस्तकी नियम असा, की थव्याचे मासे किमान 6 असावेत. माझ्या अनुभवात 6 हा आकडा जेमतेम तगण्याचा आहे. 10च्या पुढे गेले की माशांची वागणूक डोळ्यांदेखत बदलते. ते मधल्या मोकळ्या पाण्यात येतात, खाण्यासाठी पुढच्या काचेपाशी जमतात, नर एकमेकांसमोर पर पसरून मिरवू लागतात. नवीन माणसाची अपेक्षा असते की थवा सतत एकमेकांना चिकटून, एकाच दिशेने पोहत राहावा. प्रत्यक्षात निर्धास्त मासे सैल पसरून फिरतात आणि कोणी अनोळखी माणूस जवळ आला, दार आपटले किंवा जाळी पाण्यात गेली की क्षणात एकत्र येऊन एका दिशेने वळतात. मासे दिवसभर घट्ट गोळा करून कोपऱ्यात राहत असतील तर त्याला थव्याची शोभा समजू नये. त्यांना कशाची तरी भीती वाटते आहे, तिचे कारण शोधावे.

आपला फिशटँक मापाने 70 लिटरचा असला तरी तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केल्यास त्यात 55 ते 60 लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात एकाच जातीचे 10 ते 12 लहान मासे आणि तळाशी फार तर 5-6 लहान कोरी (तळाशी फिरणारे शांत मासे), इतकेच मी सुचवीन. दोन-तीन जातींची हौस असेल तर तीन फुटी फिशटँक घ्यावा. दोन फुटीत दोन थवे ठेवले की दोन्ही अर्धवट होतात. उंच फिशटँकपेक्षा लांबट चांगला, कारण हे मासे वर-खाली नव्हे तर आडवे पोहतात. काच आणि खडी धरून सारे वजन 75 ते 80 किलोच्या घरात जाते, म्हणून तो चपलांच्या रॅकवर किंवा टीव्हीच्या पातळ प्लायवूडवर ठेवलेला नसावा.

आता जात कोणती, हे ठरवताना मुंबईत सर्वांत आधी मे महिन्याचा विचार करावा लागतो. परदेशी लेखनात हीटरची जितकी चर्चा असते तितकी आपल्याला गरज नाही. जानेवारीतल्या थोड्या रात्री सोडल्या तर माझा हीटर कपाटातच असतो. आपला प्रश्न नेमका उलटा आहे. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात, दुपारी माझ्या घरातल्या पाण्याचे तापमान 31 ते 32 अंशांपर्यंत जाते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांना एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे साडेसात. त्याच वेळी माशांच्या शरीराचा वेग वाढल्याने त्यांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. जागा कमी आणि मासे जास्त असतील तर हा हिशेब पहिल्यांदा फसतो तो अशाच दुपारी, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात.

यावर सोपा उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा लहान पंखा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. मात्र आपली हवा दमट असल्याने जूनच्या आरंभी, पाऊस पडण्याच्या आधीच्या दिवसांत, हा पंखा फारसे काम करत नाही, तेव्हा हवेच्या पंपावर आणि कमी खाण्यावर भिस्त ठेवावी. बर्फाच्या बाटल्या सोडणे मी टाळते, कारण तापमान तासाभरात चार अंश खाली आणि पुन्हा वर गेले तर त्याचा त्रास स्थिर 31 अंशांपेक्षा अधिक होतो. त्याच कारणाने एसी असलेल्या बेडरूममध्ये फिशटँक ठेवू नये: रात्री 24, दुपारी 31, असा रोजचा झोका पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला आमंत्रण देतो. हॉलमध्ये, खिडकीच्या थेट उन्हापासून दूर, आतल्या भिंतीशी तो बरा.

या उन्हाच्या कसोटीवर निऑन टेट्रा मुंबईला तितकासा मानवत नाही, हे मला खेदाने सांगावे लागते, कारण तोच सर्वांत जास्त विकला जातो. तो ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, जंगलाच्या सावलीतल्या ओढ्यांचा मासा आहे आणि 22 ते 26 अंशांत तो सुखी असतो. आपल्याकडे तो उन्हाळा काढतो, पण त्याचे आयुष्य कमी होते. त्याचा जवळचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा रिओ नीग्रो आणि ओरिनोको खोऱ्यांतल्या उबदार, चहासारख्या रंगाच्या पाण्यातून येतो आणि 28-29 अंश आरामात सोसतो. दोघांतला फरक ओळखणे सोपे आहे: निऑनची लाल पट्टी पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे असते, कार्डिनलची डोक्यापाठून शेपटीपर्यंत अखंड असते. कार्डिनल महाग असतो आणि नव्या पाण्यात टिकत नाही, म्हणून तो तीन-चार महिने जुन्या झालेल्या फिशटँकमध्येच आणावा.

आपल्यासाठी माझी पहिली शिफारस हार्लेक्विन रासबोरा ही राहील. मलाय द्वीपकल्प, सिंगापूर आणि सुमात्रा इथल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला हा तांबूस मासा, अंगावर काळा त्रिकोण, लांबी 4 सेंटिमीटरच्या आसपास, स्वभाव अतिशय शांत. आपली उष्णता त्याला परकी नाही आणि आपले मऊ पाणी तर त्याला घरचेच. माझ्याकडे याचा 14 जणांचा थवा सहा वर्षे होता. आकार आणखी लहान हवा असेल तर एम्बर टेट्रा घ्यावा. तो जेमतेम 2 सेंटिमीटरचा, निखाऱ्याच्या रंगाचा असतो आणि हिरव्या वनस्पतींसमोर 15 जण असले तर फार सुंदर दिसतो. रमीनोज टेट्रा हा सर्वांत शिस्तीत पोहणारा मासा, परंतु पाणी जरा बिघडले की त्याच्या नाकाचा लाल रंग उतरतो. तो दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा.

आणि झेब्रा, जे आपल्याकडे आहेतच, त्यांना कमी लेखू नये. हा आपल्या देशातला मासा आहे. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांबरोबर त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत, आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही, त्याच्यावर संशोधन चालते. हिवाळ्याची थंडी आणि उन्हाळ्याची उष्णता या दोन्हींत राहण्याची त्याला सवय आहे. नवशिक्याच्या चुका इतक्या उदारपणे सोसणारा दुसरा मासा मला माहीत नाही. मात्र तो चपळ आहे, उडी मारतो, म्हणून वर झाकण हवेच.

दुकानात 'मिस केरळ' नावाने मिळणाऱ्या, लाल-काळ्या पट्ट्यांच्या सुंदर बार्बचा मोह होईल. तोही थव्यानेच राहतो. परंतु पश्चिम घाटातला हा मासा 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला चार-पाच फूट लांबीचे वाहते पाणी लागते आणि निसर्गात तो संकटग्रस्त आहे, म्हणून दोन फुटी फिशटँकसाठी तो घेऊच नये. तसेच अंगावर गुलाबी किंवा पोपटी रंग टोचलेले काचमासे घेऊ नयेत. तो रंग त्यांचा नसतो, सुईने भरलेला असतो, काही महिन्यांत उतरतो आणि टोचताना अनेक मासे मरतात.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर भाग्यवान आहेत. आपले पाणी भातसा, तानसा, वैतरणेची धरणे, विहार आणि तुळशी या तलावांत साठलेले पावसाचे पाणी आहे. ते मऊ असते, माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, बहुधा 100च्या आत दिसतो, आणि टेट्रा-रासबोरांना हेच लागते. आरओचे पाणी वापरण्याची काही गरज नाही, उलट त्यात उरलेसुरले क्षारही निघून जातात. एक सावधगिरी मात्र हवी. मऊ पाण्यात आम्ल शोषून घेण्याची ताकद कमी असते, त्यामुळे महिनोन्महिने पाणी न बदललेल्या फिशटँकमध्ये पीएच (हा आकडा 7च्या खाली गेला की पाणी आम्ल) हळूहळू घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. अशा आम्ल पाण्यात अमोनिया साचला तरी तो निरुपद्रवी रूपात राहतो; मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी मालक उत्साहाने अर्ध्याहून अधिक पाणी बदलतो, पीएच एकदम वर जातो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेतो. पीएच 7 ला त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी असतो, तर उबदार पाण्यात पीएच 8 ला सात-आठ टक्के. "पाणी स्वच्छ केले आणि मासे मेले" ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा तिच्यामागे हेच असते. म्हणून फिशटँक स्थिरावल्यावर दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी, न चुकता. महिन्यातून एकदा सगळे उपसणे कधीही नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात त्याचा वास बरेचदा जास्त येतो. पाणी बादलीत 24 तास हवेच्या पंपासह ठेवावे, किंवा दुकानात हायपो अथवा अँटी-क्लोरीन या नावाने मिळणारे द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात घालावे. मी दोन्ही करते, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही राहत असलेल्या इमारतीची गच्चीवरची टाकी धुतली गेली. ब्लीचिंग पावडर नीट निथळली नव्हती, सूचनाही लावली नव्हती, आणि मी नेहमीसारखे त्या दुपारी पाणी बदलले. वर उल्लेख केलेला 14 रासबोरांचा थवा संध्याकाळपर्यंत संपला. तेव्हापासून गच्चीवरची टाकी कधी धुणार आहेत हे मी वॉचमनला आधी विचारून ठेवते, त्यानंतर तीन दिवस पाणी बदलत नाही, आणि दोन बादल्या पाणी कायम भरून, झाकून ठेवते. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येत असेल तर ते बरेचदा कठीण असते. अशा दिवसांतही पाणी बदलणे पुढे ढकललेले बरे.

तळाला काळसर, बारीक, गुळगुळीत खडी घालावी. पांढऱ्या किंवा रंगीत तळावर हे मासे फिके पडतात, गडद तळावर त्यांचे रंग खुलतात. जुहूहून आणलेले शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे पाणी कठीण करतात. शंका वाटणाऱ्या दगडावर लिंबू पिळून पाहावे, फेस आला तर तो दगड बाहेर. जावा मॉस, जावा फर्न, ॲन्युबियास आणि व्हॅलिसनेरिया या वनस्पती आपल्याकडच्या उष्णतेत सहज जगतात. त्या मागच्या बाजूला आणि कडेला दाट लावून मध्ये पोहण्याची मोकळी जागा ठेवावी. भरपूर आडोसा असला की मासे अधिक बाहेर येतात. ऐकायला उलटे वाटेल, पण पळायला जागा आहे हे ठाऊक असलेला मासा लपत नाही. दिवा सात-आठ तास पुरे.

यात मुंबईच्या रस्त्यावर फुकट मिळणारी एक वस्तू घालावी: देशी बदामाची पिकून गळलेली, वाळलेली तपकिरी पाने. धूर आणि फवारणी यांपासून दूर असलेल्या झाडाची दोन पाने स्वच्छ धुऊन सोडली की पाणी आठवडाभरात फिक्या चहासारखे होते. त्यातील टॅनिन पाणी किंचित आम्ल करते, उजेड मंद होतो, आणि रासबोरा-टेट्रा ज्या पाण्यात मूळचे राहतात त्याच्या ते जवळ जाते. घरच्यांना हे पाणी अस्वच्छ वाटते, त्यांना आधीच सांगून ठेवावे.

खाण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि या माशांची तोंडे लहान असल्याने बारीक दाणे किंवा चुरलेले फ्लेक्स. आठवड्यातून एक दिवस उपवास. अधूनमधून गोठवलेले आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे अगदी बारीक जीव, द्यावेत. गटाराच्या कडेने गोळा होणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे माझ्या घरात येत नाहीत.

घरातल्या हवेकडे मात्र आपले लक्ष गेले नसेल. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल करवला तर त्या फवाऱ्यातील बरीच कीटकनाशके माणसाला सौम्य पण माशांना अत्यंत घातक असतात. त्या दिवशी पंप बंद करून फिशटँक ओल्या चादरीने पूर्ण झाकावा, तासाभराने खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच पंप सुरू करावा. जेलचा पर्याय मिळत असेल तर तोच मागावा. मच्छर कॉइल, धूप, ताजा रंग यांच्यापासूनही अंतर राखावे. आणि वीज जाण्याची तयारी असावी. मुंबईत ती क्वचित जाते, पण 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी सगळ्या शहराची वीज गेली तेव्हा ऑक्टोबरचाच उकाडा होता. मी दर पंधरा मिनिटांनी तांब्याने पाणी उपसून उंचावरून परत सोडत बसले होते. त्यानंतर सेलवर चालणारा छोटा पंप घेतला. तो फार महाग नसतो.

नवे मासे घेताना क्रॉफर्ड मार्केटला जावे किंवा जवळच्या दुकानात, पण माल आला त्याच दिवशी घेऊ नयेत. कोलकाता, चेन्नई किंवा परदेशातून प्रवास करून आलेला मासा चार-पाच दिवस दुकानात टिकला, की मग त्याला आपल्यासमोर खायला घालायला सांगावे. जो झेपावून खातो तो घ्यावा. ज्या टाकीत एक जरी मेलेला मासा तळाशी असेल त्यातला एकही नको. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून, थोडे थोडे आपले पाणी तिच्यात मिसळून, मासे जाळीने उचलून सोडावेत. दुकानाचे पाणी ओतून द्यावे. शक्य असेल तर नवा थवा दोन-तीन आठवडे स्पंज फिल्टर लावलेल्या वेगळ्या टबमध्ये ठेवावा, कारण पांढरे ठिपके आणि इतर रोग बहुधा याच वाटेने येतात. निऑनच्या पाठीवर पांढुरका डाग पडला, रंग तुटला आणि तो थव्यापासून वेगळा राहू लागला तर तो निऑनचा सूक्ष्मजीवजन्य रोग असू शकतो. त्यावर भरवशाचा उपचार नाही, आणि मेलेला मासा इतरांनी खाल्ला तर रोग पसरतो. असा मासा लगेच वेगळा काढावा.

तेव्हा आपण पुढीलप्रमाणे करावे असे मला वाटते. एंजल आणि टायगर बार्ब या आठवड्यातच दुकानात परत द्यावेत. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. ते कोणी घेत नाही म्हणून पवई तलावात किंवा एखाद्या विहिरीत सोडू नयेत. अशा सोडलेल्या माशांमुळे, विशेषतः सकर माशामुळे, देशातल्या अनेक तलावांतले स्थानिक मासे अडचणीत आले आहेत. उरलेले 3 झेब्रा आणि 2 निऑन यांच्यासह फिशटँक स्थिरावू द्यावा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य दिसले की निवड करावी. झेब्रांचा थवा करायचा असेल तर आणखी 4 आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी 4 आणावेत. रासबोरा हवे असतील तर झेब्रा एखाद्या ओळखीच्या घरी मोठ्या थव्यात द्यावेत आणि 6 अधिक 6 असे दोन टप्प्यांत रासबोरा आणावेत. त्या 2 निऑनसाठी, ज्यांच्याकडे त्यांचा थवा आहे असे घर शोधणे सर्वांत चांगले. ते मिळाले नाही तर निदान त्यांना दाट मॉस आणि मंद उजेड द्यावा; रासबोरांच्या शांत थव्याजवळ एकटे निऑन पुष्कळदा हळूहळू बाहेर येऊ लागतात. झेब्रांच्या धावपळीत तसे होत नाही, आणि केवळ यासाठीही मी आपल्या जागी रासबोरा निवडले असते.

राहिला लेकीचा प्रश्न. निऑनची निळी पट्टी हा रंगद्रव्याचा रंग नाही; कातडीच्या पेशींत एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या पापुद्र्यांवरून उजेड परावर्तित होतो म्हणून ती निळी दिसते, आणि या पापुद्र्यांमधले अंतर उजेडाप्रमाणे बदलते. अंधारात ते बदलून पट्टी जांभळट, मंद होते. रात्री चमकत राहणे लहान माशाला परवडणारे नसते. उजेड आला की पट्टी हळूहळू परतते. पहाटे ती गेलेली दिसली म्हणून मासा आजारी आहे असे समजू नये. मात्र काळोखात फिशटँकचा दिवा एकदम लावला तर मासे दचकून काचेवर आदळतात, म्हणून आधी खोलीतला दिवा आणि दहा मिनिटांनी फिशटँकचा, असा क्रम तिने ठेवावा. आणि पट्टी परत निळी व्हायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून वहीत लिहून ठेवावे.